जुना ट्रॅक्टर उभा करताना: गंजून जाम झालेले भाग सोडवायचे कसे

बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं फवारणीचं पाणी, नीट जमलंय का, हे बघायला द्राक्षबागायतदार त्यात विळा किंवा लोखंडी सळई बुडवतो. पात्यावर तांबूस थर चढला की समजायचं, चुना कमी पडला आणि मिश्रण अजून आम्ल आहे. मोरचुदातलं तांबं लोखंडावर बसतं आणि तेवढंच लोखंड पाण्यात उतरतं. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यात जो ट्रॅक्टर वर्षानुवर्षं फवारणीचा ब्लोअर ओढत फिरला, त्याच्या उघड्या नट-बोल्टांवर नेमकं हेच होत राहिलेलं असतं. त्यात गंधकाची भुकटी, पोटॅशचा खार, आणि नवा ट्रॅक्टर आल्यावर शेडबाहेर उभ्या-उभ्या काढलेले चार पावसाळे. असा ट्रॅक्टर पुन्हा चालता करायला घेतला की पहिला महिना सुटे भाग आणण्यात जात नाही, असलेले भाग न मोडता सोडवण्यात जातो.

जाम होतं म्हणजे काय होतं, हे आधी डोक्यात पक्कं बसायला हवं. लोखंडाचा गंज झाला की त्याचं आकारमान मूळच्या दुपटीहून जास्त होतं. नट आणि बोल्टच्या आट्यांमध्ये केसाएवढी फट असते, तिथे गंज फुगला की पाचर ठोकल्यासारखा बसतो. पान्याला पाइप लावून नुसता पीळ दिला तर हा गंज आणखी चेपला जातो आणि बोल्ट नटाच्या तोंडाशी, आटे सुरू होतात तिथे तुटतो. पण गंज ठिसूळही असतो. ठोका बसला, तापून थंड झाला, मागेपुढे हलला की त्याचा चुरा होतो आणि त्या चुऱ्यातून तेल आत शिरतं. खाली जे जे सांगितलंय ते सगळं एवढ्या एका गोष्टीवर उभं आहे: आधी चुरा, मग तेल, मग पीळ.

पाना लावण्याआधी

मॅसी फर्ग्युसन, जुना इंटरनॅशनल, फोर्ड यांचे मूळ बोल्ट बहुतेक इंचाचे असतात, एचएमटी झेटर २५११ चे मिलिमीटरचे. वर गेल्या तीस-चाळीस वर्षांत हाताला लागेल तो बोल्ट घातलेला असतो, म्हणून प्रत्येक डोकं मोजूनच पाना घ्यावा. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सहा सूत म्हणजे १९.०५ मिमी, तिथे १९ चा पाना चालून जातो. चार सूत म्हणजे १२.७, तिथे १३ चा पाना सैल पडतो. साडेपाच सूत म्हणजे १७.४६: १७ चा बसत नाही आणि १८ चा डोकं गोल करून ठेवतो. गंजलेलं डोकं आधीच झिजलेलं असतं, तेव्हा बारा कोनी रिंग बाजूला ठेवून सहा कोनी गोटीच (सॉकेट) वापरा. ती कोपऱ्यावर न बसता सपाट बाजूवर बसते.

नटाच्या पुढे जे आटे बाहेर दिसतात ते तारेच्या ब्रशने पांढरे होईपर्यंत साफ करायचे. नट सुटल्यावर याच आट्यांवरून बाहेर यायचा असतो. तिथला मातीचा आणि रंगाचा थर तसाच ठेवला तर नट दोन फेरे सुटतो आणि पुन्हा अडकतो, आणि तेव्हाच बोल्ट तुटतो.

तेलाबाबत आमचं मत स्पष्ट आहे. पॉवर स्टिअरिंगला वापरतात ते एटीएफ आणि अॅसिटोन, निम्मं-निम्मं, हे मिश्रण आत शिरायला सगळ्यात चांगलं. दोन्ही एकजीव राहत नाहीत, म्हणून दर वेळी बाटली हलवूनच वापरायचं. अॅसिटोन उडून जातं आणि भपकन पेट घेतं, तेव्हा बाटली घट्ट झाकणाची हवी आणि विडी-सिगारेट लांब. रंगावर सांडलं तर रंग सोलून निघतो. अॅसिटोन नसेल तर एटीएफ आणि डिझेल निम्मं-निम्मं घ्या, फक्त दिवस जास्त लागतात. डब्ल्यूडी-४० चा साधा डबा ओल घालवायला उत्तम आहे, पण मुरलेल्या गंजासाठी त्यांचाच पेनिट्रंट लिहिलेला वेगळा डबा घ्या. इंजिन ऑइल घट्ट असतं, ते वरच बसून राहतं.

तेल ओतायचं नसतं, पाजायचं असतं. सांध्यावर पाच-सहा थेंब, सकाळ-संध्याकाळ, तीन दिवस. शक्य असेल तिथे आट्यांच्या मागच्या टोकाकडून, म्हणजे तेल उतारावर आत जाईल असं. प्रत्येक वेळी अर्धा किलोच्या हातोडीने बोल्टच्या डोक्यावर सरळ दहा-पंधरा ठोके. जोरात नाही, पण टणटणीत. त्या कंपनाने गंजाला तडे जातात.

चौथ्या दिवशी पाना लावला की आधी बोल्ट किंचित आवळायचा. ऐकायला उलटं वाटतं, पण आवळताना गंजाची पकड मोडते. "कट्" असा आवाज आला की मग सोडायच्या दिशेला. अष्टमांश फेरा सुटला की थांबा, तेल द्या, परत आत न्या, मग पाव फेरा. बोल्ट किरकिरत असेल तर काम ठीक चाललंय. आवाज न करता पाना मऊ लागायला लागला, रबर पिळल्यासारखा पुढे जातोय आणि नट जागचा हलत नाही, तर बोल्ट दांड्यातच पिळायला लागलाय. तिथल्या तिथे हात थांबवायचा. आणखी पाव फेऱ्यात तो तुटणार आणि पाच मिनिटांचं काम दोन दिवसांचं होणार.

गॅस कुठे लावायचा, कुठे नाही

तेलाने न सुटलेला नट आगीने सुटतो. तापवायचा तो नट, बोल्ट नाही. वीस मिलिमीटर भोकाचा पोलादी नट बोल्टपेक्षा ३०० अंशांनी जास्त तापवला तर ते भोक साधारण ०.०७ मिलिमीटरने मोठं होतं. एवढीशी जागा गंज मोडायला भरपूर झाली. म्हणून ज्योत बारीक, नटाच्या सहाही बाजूंवर फिरती आणि झटपट हवी. सावकाश तापवत बसलं तर बोल्टही तेवढाच फुगतो आणि फायदा जातो. बारा-चौदा मिलिमीटरपर्यंतच्या नटाला एलपीजीची टॉर्च पुरते, त्यावर गॅस वेल्डिंगवाल्याचा ऑक्सिजन-अॅसिटिलीन लागतो. अंधाऱ्या जागी नट जेमतेम लाल दिसला की बस.

ज्योत काढल्यावर लाली गेली की साधी मेणबत्ती आट्यांच्या तोंडाशी टेकवा. मेण वितळून दिव्याची वात तेल ओढते तसं आट्यांत ओढलं जातं. मग सोडायचं. पहिल्यांदा नाही हलला तर पूर्ण थंड होऊ द्या आणि परत तापवा. तीन वेळा तापणं-निवणं झालं की बहुतेक सुटतात.

ज्योत लावायच्या आधी पाजलेलं सगळं तेल पुसून काढा. बॅटरी सोडून बाजूला ठेवा, डिझेलची टाकी उतरवा, हायड्रॉलिकचे पाइप ओल्या पोत्याने झाका. जस्ताचा मुलामा असलेला नट असेल तर धूर नाकात जाऊ देऊ नका. ब्रेक क्लीनर मारलेल्या भागाला तर आग लावूच नका, काही क्लीनरमधल्या क्लोरीनच्या रसायनांपासून विषारी वायू होतो.

आणि चाक. टायर चढवलेल्या रिमला किंवा डिस्कला गॅस किंवा वेल्डिंग लावायचं नाही, कधीच नाही. आतली हवा तापून दाब वाढतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण टायरचं रबर आतून तापून त्यातून पेटणारा वायू सुटतो आणि व्हॉल्व्ह काढलेला असला तरी टायर बॉम्बसारखा फुटू शकतो. मागच्या चाकाचा नट हलतच नसेल तर तेल, ठोके आणि लांब दांडा एवढ्यावरच भागवा. तेही जमलं नाही तर नट छन्नीने किंवा नट स्प्लिटरने चिरून काढा. शंभर रुपयांच्या नटासाठी माणूस धोक्यात घालू नये.

अॅल्युमिनियमच्या कव्हरमध्ये पोलादी बोल्ट जाम असेल तर हिशेब बदलतो. अॅल्युमिनियम पोलादाच्या दुपटीने फुगतं, त्यामुळे पाण्याचा थेंब चर्रकन उडेल एवढं तापवलं तरी पुरतं. हा धातू लाल न होताच ६६० अंशांना वितळतो. रंग बदलायची वाट बघत बसाल तर कव्हरच खाली ओघळेल.

लाल केलेला बोल्ट परत वापरू नये, त्याची ताकद गेलेली असते. चाकाचे, स्टिअरिंगचे, कनेक्टिंग रॉडचे तर नाहीच.

स्टड तुटलाच तर

एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे स्टड हमखास तुटतात, तापून-निवून ते आधीच जळालेले असतात. तुटक्या स्टडवर नट वेल्ड करणं ही आमच्या लेखी पहिली पद्धत. दहा मिलिमीटरचा स्टड असेल तर बारा मिलिमीटर भोकाचा साधा नट घ्या, मुलामा नसलेला. आधी अडीच मिलिमीटरच्या रॉडने स्टडच्या मध्यभागी छोटा ढीग उभा करायचा, मग नट ठेवून आतून भरून घ्यायचा. ठिणगी बिडाला लागली तरी वेल्डिंग बिडाला फारसं धरत नाही, पण सवय म्हणून तांब्याचा वायसर खाली ठेवा. वेल्डिंगच्या आचेने स्टड लाल होतो, फुगतो, भोवतीचा गंज चेपला जातो आणि निवताना स्टड आक्रसतो. हात लावता येईल इतका निवला की मागेपुढे हलवत सोडायचा. पहिला नट निसटला तर दुसरा लावा. चार-पाच वेळा करावं लागलं तरी ते ड्रिल मारण्यापेक्षा बरं.

दुकानात मिळणारा पिळाचा एक्स्ट्रॅक्टर जामलेल्या स्टडसाठी वापरू नका. तो कडक पोलादाचा असतो, आत तुटला तर त्याला साधं ड्रिल लागत नाही आणि अख्खं हेड मशीन शॉपवर न्यावं लागतं. ड्रिल मारायचंच असेल तर बरोबर मध्यावर पंच मारून ३ मिमीने सुरुवात करा, टप्प्याटप्प्याने वाढवा आणि आट्यांची पातळ सालं उरेल तिथे थांबून ती टोच्याने आत दुमडून काढा. आटे गेलेच तर हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांचं तारेचं वेटोळं, बसवता येतं. अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतींमुळे हे काम करून देणारी माणसं नाशिकला सहज सापडतात.

इंजिन फिरत नसेल

उभ्या सायलेन्सरच्या तोंडावर झाकण नसेल तर पावसाचं पाणी मॅनिफोल्डमधून उतरतं आणि ज्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिला असेल त्यात साचतं. म्हणून बहुतेक वेळा सगळं इंजिन जाम नसतं, एकच पिस्टन गंजून लायनरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीला, चिकटलेला असतो. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरकडे तर याच शंकेने बघा.

पहिलं काम, चेंबरचा, म्हणजे इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्याचा, ड्रेन नट अगदी सावकाश सैल करणं. पाणी ऑइलपेक्षा जड, ते तळाला बसलेलं असतं. ऑइलच्या आधी स्वच्छ पाण्याची धार आली तर ती किती येते ते मोजून ठेवा, बेअरिंग बघावीच लागणार.

मग डिझेल फवारणारी सगळी नोझलं काढा. नोझल कार्बनने धरलेलं असेल तर तेल पाजून डावी-उजवीकडे फिरवत सैल करा, पहारीने उचकटू नका. रॉकर शाफ्ट उतरवा आणि पुशरॉड क्रमाने पुठ्ठ्याच्या भोकांत खोचून ठेवा. इंजिन मोकळं झालं आणि व्हॉल्व्ह अडकलेला असला तर पहिल्याच फेऱ्यात पुशरॉड वाकतो. पितळी दांड्याने प्रत्येक व्हॉल्व्हच्या डोक्यावर हलकी टिचकी मारा. खाली जाऊन टपकन वर आला तर ठीक. वर यायला कुरकुरला तर त्याच्या दांडीला तेल पाजत राहा.

आता प्रत्येक सिलिंडरमध्ये नोझलच्या भोकातून १०० मिली एटीएफ-डिझेल घाला. अॅसिटोनचं मिश्रण इथे नको. दुसऱ्या दिवशी पातळी बघा. ज्यात तेल खाली उतरलं त्याच्या रिंगा वाट देताहेत, ज्यात तसंच उभं आहे तोच बहुधा धरलेला पिस्टन. त्याला पाच ते सात दिवस द्या, कमी झालं की भर घाला.

फिरवायचं ते फ्लायव्हीलच्या रिंग गिअरवरून, स्टार्टर काढलेल्या जागेतून. फ्लायव्हीलवर आणि घरावर खडूची एकेक रेघ मारा आणि आधी एका दिशेला, मग दुसऱ्या दिशेला रेटा द्या. रेघ दोन मिलिमीटर जरी सरकली तरी काम झालं असं समजा. आज दोन, उद्या पाच, परवा वीत. घाईने एकाच दिशेला रेटलं तर गंजाचा चुरा पिस्टनपुढे गोळा होऊन परत जाम होतं.

दुसरा ट्रॅक्टर लावून, गिअरमध्ये टाकून ओढणं हा सगळीकडे केला जाणारा आणि सगळ्यात वाईट उपाय. जवळपास दोन टनांच्या ट्रॅक्टरचा सगळा जोर गिअरबॉक्समधून एका चिकटलेल्या पिस्टनच्या रॉडवर येतो. इंजिन फिरतं, लोक खूश होतात, आणि थोडासा वाकलेला कनेक्टिंग रॉड पुढच्या हंगामात भर कामात लायनर फोडतो.

दहा दिवसांत हललंच नाही तर हेड उतरवा. बाहेरून आत अशा क्रमाने, पाव-पाव फेरा. पिस्टनच्या वर लायनरला गंजाचं कडं दिसेल, ते एमरी पेपरने साफ केल्याशिवाय पिस्टन हलवू नका, रिंगा तिथेच अडकून तुटतात. बाभळीचा गोल ठोकळा लेथवर करून घ्या, ९१.४ मिमीचा बोअर असेल तर ८६-८७ मिमीचा. त्यावर दोन किलोचा हातोडा स्वतःच्या वजनाने पडू द्यायचा. मात्र पिस्टन अगदी वर किंवा अगदी खाली असेल तर ठोकण्यात अर्थ नाही. त्या स्थितीत रॉड सरळ उभा असतो, ठोका पिस्टनला न फिरवता थेट क्रँकवर बसतो. मधल्या उंचीवर असलेल्या पिस्टनवरच ठोका.

ओले लायनर (बाहेरून थेट पाणी लागणारे) असलेल्या इंजिनात, झेटर त्यांतलंच, हेड निघाल्यावर लायनरला वरून धरणारं काही उरत नाही. पिस्टन वर सरकला की लायनर घेऊनच वर येतो, खालच्या रबरी रिंगा फाटतात आणि पाणी चेंबरमध्ये उतरतं. आधी जाड वायसर आणि पाइपचे तुकडे घालून हेडच्याच बोल्टांनी लायनर दाबून धरा. खालून चेंबर काढून धरलेल्या पिस्टनचं बिगएंड (रॉडचं क्रँककडचं टोक) सोडता आलं तर ते सगळ्यात सुरक्षित, बाकी क्रँक मोकळा होतो आणि तो एकच पिस्टन लाकडाने वर काढता येतो. काही ट्रॅक्टरांत चेंबर बिडाचं असून सांगाड्याचाच भाग असतं, तेव्हा पुढे-मागे भक्कम ठोकळे दिल्याशिवाय हात लावू नका.

इंजिन मोकळं झालं म्हणून लगेच स्टार्टर मारू नका. आत अजून तेल आहे आणि द्रव दाबला जात नाही. नोझल लावून फिरवलं तर रॉड वाकेल. नोझल काढलेलीच ठेवून हाताने दोन पूर्ण फेरे, मग भोकांवर कापड धरून, तोंड बाजूला ठेवून स्टार्टर. सगळं तेल उडालं की चेंबरचं ऑइल बदला आणि प्रेशरचा काटा उठेपर्यंत नोझलशिवायच फिरवा.

आता पंप, आणि इथे चूक जिवावर बेतते. बरीच वर्षं बंद राहिलेल्या पंपात डिझेलचा डिंक होतो आणि रॅक, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणारी सळई, जागेवर चिकटतो. तो भरपूर डिझेलच्या बाजूला चिकटलेला असेल तर इंजिन सुरू होताच आवरेना इतकं पळतं. झाकण काढून रॅक बोटाने ढकलून बघा, सोडला की आपोआप परतला पाहिजे. परतत नसेल तर स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका, पंप उतरवून बेंचवर पाठवा. डिझेलची नोझलं सातपूरच्या मायकोत, म्हणजे आताच्या बॉशमध्ये, बनतात, त्यामुळे या कामाची जाण असलेले हात नाशिकला दुर्मीळ नाहीत. पहिल्या स्टार्टला एअर क्लीनरचा पाइप काढून एक जण सपाट फळी घेऊन उभा राहू द्या. इंजिन पळालं तर हवेचं तोंड फळीने बंद करायचं. हाताने किंवा कापडाने नाही, ते आत ओढलं जातं.

क्लच आणि मागची जोडणी

क्लच प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटली की पॅडल दाबूनही गिअर पडत नाही. पॅडल दाबून लाकडाच्या टेकूने रात्रभर तसंच ठेवा, कधी सकाळी आपोआप सुटलेली मिळते. नाही सुटली तर मोकळ्या सपाट वावरात, मागे काही न जोडता, दोन्ही ब्रेकची पॅडलं एकमेकांना जोडून, वरच्या गिअरमध्ये ठेवूनच ट्रॅक्टर सुरू करायचा आणि क्लच दाबलेला ठेवून ब्रेकचे झटके द्यायचे. सुरू होताच तो चालायला लागतो, समोर कोणी असता कामा नये, आणि ब्रेक आधी सोडवून तपासलेले हवेत. चार-पाच प्रयत्नांत जमलं नाही तर नाद सोडून ट्रॅक्टर मधून वेगळा करा. डबल क्लचच्या मॅसीत कधी मुख्य प्लेट सुटते आणि पीटीओची, म्हणजे मागचं अवजार फिरवणाऱ्या शाफ्टची, तशीच राहते. गिअर पडतात पण पीटीओ थांबत नाही, हे ओळखून ठेवा.

टॉप लिंक, लिफ्ट रॉड, चेक चेन असे सुटे भाग ठोकत बसण्यापेक्षा भिजवावेत. प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये १० लिटर पाण्याला ५० ग्रॅम कपडे धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जरचं ऋण टोक भागाला आणि धन टोक साध्या पत्र्याच्या भंगाराला, दोन्ही एकमेकांना न टेकता. बारा व्होल्ट, चार-पाच अँपिअर, एक दिवस. टोकं उलटी लागली तर तुमचाच भाग खाल्ला जातो. मीठ घालू नका, क्लोरीन सुटतो. धन टोकाला स्टीलचं भांडं लावू नका, त्यातलं क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरतं. हायड्रोजन निघतो, म्हणून हे काम उघड्यावरच. अॅल्युमिनियम, पितळ आणि स्प्रिंगा यात टाकायच्या नाहीत.

वीज नको असेल तर साखर कारखान्याची मळी (मोलॅसिस), एक भाग मळी आणि नऊ भाग पाणी. दोन-तीन आठवडे लागतात, वास दूरवर जातो, पण चांगलं लोखंड फारसं न खाता गंज काढते. अॅल्युमिनियम मात्र यातही नाही. बाहेर काढलेला भाग धुऊन लगेच वाळवा आणि ऑइल लावा, उघडा ठेवला तर संध्याकाळपर्यंत पिवळा पडतो. टॉप लिंकचं एक टोक उलट्या आट्यांचं असतं, तेव्हा कुठल्या बाजूला फिरवायचं ते आधी ठरवा.

टायरॉडचा बॉल जॉइंट काढायला फाट्याची पहार घालून रबर फाडू नका. नट दोन आटे सैल ठेवून, दांडा ज्या भोकात बसतो त्या डोळ्याच्या दोन्ही बाजूंनी दोन हातोड्या एकाच वेळी मारा, निमुळता दांडा टक्कन सुटतो. स्टिअरिंग व्हीललाही तेच: नट काढून टाकायचा नाही, दोन आट्यांवर राहू द्यायचा. व्हील वर ओढत ठेवून पितळी दांड्याने शाफ्टवर ठोका, म्हणजे आटेही वाचतात आणि सुटलेलं व्हील तोंडावर येत नाही.

जोडताना मॅनिफोल्डच्या स्टडला ग्रॅफाइट किंवा तांब्याचं ग्रीस, लिंकेजच्या आट्यांना साधं ग्रीस, चाकाच्या नटाला काही नाही. आणि जोडून झाल्यावर, रंगाच्याही आधी, सायलेन्सरच्या तोंडावर बिजागरीचं झाकण.